नवऱ्याने केलेलं भाषांतर

एका बाईचा जबाब निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी तेव्हा म्हैसुरात एका ठाण्याचा निरीक्षक होतो. घरात जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीचा निरनिराळ्या देशांत अभ्यास करणारी एक संशोधक रीतसर परवानगी घेऊन आमच्याकडे आली होती. नावं झाकलेले जुने अर्ज ती वाचत बसे. पोलिसांना कोणी काम शिकवू लागलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी तिला चार हात लांबच ठेवलं होतं.

एका दुपारी तिने आमच्या हद्दीतल्या बोगादी वस्तीतल्या एका ताज्या प्रकरणाचा कागद पुढे केला. शेजाऱ्यांचा फोन आला, गस्तीच्या गाडीने नवरा-बायकोला ठाण्यात आणलं, 'जिन्यावरून पडले' असा बायकोचा जबाब झाला, अर्ज निकाली.

"सर, ही बाई महाराष्ट्रातून नुकतीच आलेली. जबाब कन्नडात कसा?"

मी महिला कॉन्स्टेबलला विचारलं. ती सहज म्हणाली, "ती तिच्या भाषेत बोलली सर. नवऱ्यानं आम्हाला कन्नडात सांगितलं."

"आम्ही ज्या ज्या देशात काम करतो, तिथे पहिला नियम एकच," संशोधक म्हणाली, "नवरा खोलीबाहेर." मला राग आला, पण तो तिच्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सहीच्या निमित्ताने ठाण्यात बसवून ठेवलं आणि महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. आमचं घराणं पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या फौजेत आलेलं मराठी; घरात मराठीच बोलतो, पण कन्नडात कालवलेली.

"भिऊ नको अम्मा. त्या दिवशी काय झालं, तूच सांग."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "साहेब, तेव्हाच सगळं सांगितलं होतं. हे गळा दाबतात म्हणून सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत आणि परत यांच्याच बरोबर पाठवलंत."

तिने ओढणी सरकवली. व्रण ताजे होते. मला तिच्यासमोर उभं राहण्याची लाज वाटली.

ठाण्यात मी मराठीत विचारायला लागताच नवरा म्हणाला, "साहेब, आपण मराठी माणसं. घरातलं घरातच मिटवू."

"मिटवू. आधी जिना दाखव. तू तळमजल्यावर राहतोस, अल्वा? हो ना?"

त्याने पाणी मागितलं. मग हळूहळू कबुली आली. गुन्हा नोंदवला, वैद्यकीय तपासणी झाली, तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

माझी अख्खी नोकरी खोटं पकडण्यात गेली. समोरची बाई खरं बोलत असेल तर ते आपल्यापर्यंत कोण पोचवतंय, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

निघताना संशोधक म्हणाली, "अहवालात ठाण्याचं नाव येणार नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

"एवढं लिहा," मी म्हटलं. "मराठी येणारा अधिकारी तेव्हा शेजारच्याच खोलीत बसला होता. अर्ज निकाली काढल्याची सही त्याचीच आहे."