मामाजींना कोणतंही अक्षर लागायचं

डॉक्टरांचं घाणेरडं अक्षर वाचणारा माझा माणूस गेला.

आज तेरवी झाली. पाहुणे आपापल्या घरी गेले. म्हटलं, आता लिहून टाकते, नाहीतर नुसती रडत बसेन.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आष्टीला एका डॉक्टरांकडे आयुष्यभर कंपाउंडर होते. म्हातारपणी आमच्याकडे सावंगीला राहायला आले आणि माझ्या धंद्यात बिनपगारी नोकरीला लागले.

माझा धंदा मेडिकल बिलिंगचा. घरातूनच. नर्सिंग होममधून पेशंटच्या फाइली येतात, मी त्या वाचून इन्शुरन्सचे फॉर्म भरते, कागद स्कॅन करून पाठवते आणि क्लेम पास होईस्तोवर कंपनीच्या लोकांशी फोनवर भांडते.

भांडण मला आधीपासूनच येत होतं. बाकीचं शिकले.

सुरू केलं तेव्हा लेक दीड वर्षाची होती. नेटची रेंज घरात एकाच खोलीत, आणि ती नेमकी मामाजींची! कसं विचारावं म्हणून मी दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर मामाजींची खाट वऱ्हांड्यात.

"मामाजी, हे काय?"

"मले अंदर लय गरम होते."

भर डिसेंबरात, बरं का.

काम देणारं नर्सिंग होम एकच होतं. ते हातचं गेलं की धंदा बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तिसऱ्याच महिन्यात मी माती खाल्ली.

तळेगावकडची एक बाई. शेतात कामाला गेली होती, तिथून थेट ॲडमिट. बरी होऊन घरी गेली आणि फाइल माझ्याकडे आली. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मला एकच ओळ लागली, नर्सनं मराठीत लिहिलेली: "शेतात पान लागले. चक्कर, उलटी."

मी नागपूरची. तंबाखूचं पान खाऊन डोकं गरगरलं की पान लागलं, एवढंच मला माहीत. दिलं ठोकून: तंबाखूचं पान खाल्ल्यामुळे चक्कर व उलटी.

क्लेम रिजेक्ट. कारण, व्यसन.

त्या बाईचा नवरा ते पत्र घेऊन घरी आला. बिचारा ओरडलाही नाही.

"मॅडम, माही बायको सुपारीचं खांडबी खात नाई जी. हे काऊन लिवलं तुमी?"

वऱ्हांड्यातून मामाजींनी विचारलं, "काय झालतं तिले?"

"पान लागलं जी."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू काय समजली?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं, पान लागलं म्हणजे साप चावला! त्याचं नाव तोंडानं घेत नाईत, म्हून पान म्हन्तेत!"

त्याच फाइलमध्ये औषधांच्या छापील बिलात सापाच्या विषावरचं इंजेक्शन होतं. त्याचं नाव मी अक्षर न् अक्षर उतरवलं होतं. ते कशाचं, हे काही विचारलं नव्हतं. एवढी मी हुशार!

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. पुढच्या फाइली दुसरीकडे देतो म्हणाले.

मी कॉम्प्युटरची वायर उपटली. "बंद. मला नाही जमत हे. तुमची खोली परत घ्या."

मामाजी शांतपणे चष्मा पुसत होते. "अक्षर लागत नाई, त लागत नाई म्हन. त्यात काय लाज? अंदाज नको ठोकू. म्या हाय न."

दुसऱ्या दिवशी स्कुटीवर मागे बसून ते माझ्यासोबत नर्सिंग होमला आले. इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरांना म्हणाले, "चूक माह्या घरची हाय साहेब. आता हरेक फाइल मी वाचून देतो."

डॉक्टर हसले. दुरुस्तीचं पत्र दिलं, क्लेम पास झाला, फाइली चालू राहिल्या. त्या बाईच्या नवऱ्यानं पिशवीभर संत्री आणून दिली, तीही मामाजींच्या हातात. मला नाही!

तेव्हापासून नऊ वर्षं आमचा एकच नियम. मी आतून ओरडायचं, "मामाजी, लागत नाही!" आणि ते वऱ्हांड्यातून हात पुढे करणार, "आन इकडे."

दिवसातून वीसदा.

वाचून झालं की डॉक्टरांच्या अक्षराला एक सणसणीत शिवी, मग मला समजावणं. कोणता डॉक्टर कोणतं अक्षर कसं खातो, सगळं शिकवलं मला. आज चार नर्सिंग होम आहेत, दोन मुली कामाला आहेत. त्याही ओरडायच्या, "आजोबा, लागत नाही!"

गेल्या महिन्यात मामाजीच ॲडमिट झाले.

डॉक्टर राऊंडला आले, भराभर लिहून गेले. मामाजींचा चष्मा घरी राहिलेला. कागद माझ्या हातात.

मी तो एका दमात वाचला. कुठेच अडले नाही.

"काय लिहून गेला तो?"

तोंडातून निघून गेलं, "मामाजी, लागत नाही."

सवयीनं त्यांचा हात कागदासाठी पुढे आला. अर्ध्यावर थांबला. मग तो हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"राहू दे मंग," म्हणाले. "तुले आता सगळं लागते."

चौथ्या दिवशी गेले.

मामाजी, नऊ वर्षांत तुमच्याशी एवढं एकच खोटं बोलले.

लागलं होतं. सगळं लागलं होतं.

खाट वऱ्हांड्यातच ठेवली आहे. तुमच्या सूनबाईचा शेवटचा नमस्कार.