करडाची जादू आणि शेवटचं वाक्य

आमच्या भागात कुठलाही कार्यक्रम आपला आपण संपत नाही, तो कुणीतरी संपवावा लागतो. कीर्तनाला आरती असते, लग्नाला पंगत असते, सभेला आभारप्रदर्शन असतं. तेवढं झालं की माणसं धोतर झटकून उठतात. जादूच्या खेळाला असं काहीच नव्हतं, आणि ही अडचण आम्हाला सुप्याच्या खेळात पहिल्यांदा कळली.

माझ्या नवऱ्यानं तिथं शेवटची जादू केली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या झाल्या, पण कुणी उठेना. त्यानं पुन्हा नमस्कार केला. पुढं बसलेल्या एका म्हातारबांनी त्याला उलट नमस्कार केला आणि ते तसेच बसून राहिले. काय करावं ते न सुचून त्यानं तोंडातून अंडं काढायची जादू परत एकदा केली. लोकांना वाटलं, आता कुठं खेळ रंगतोय. त्यांनी पाय पसरले, पानाच्या चंच्या सोडल्या, आणि आमची एस. टी. गेली.

माझा नवरा राहुरीला हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. जादू त्याला पुण्यात शिकत असताना लागली, एखाद्याला तंबाखू लागावी तशी. लग्न ठरवताना हे आमच्या घरी कुणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन राहुरीला आले तेव्हा माझ्या खोलीत कपाट नव्हतं, पण चांदण्या रंगवलेली एक भलीमोठी पेटी होती. मी हौसेनं तिच्यात साड्या ठेवल्या आणि संध्याकाळी पाहते तर पेटी रिकामी. साड्या मागच्या फळीतून बाहेर पडल्या होत्या.

त्या पेटीची गंमत तीच होती. पाठीमागची फळी बिजागरीवर होती आणि आतून-बाहेरून कुठूनही ढकलली की उघडायची. खेळाच्या वेळी पेटी पडद्याला टेकवून ठेवायची, पडद्याला तिथंच एक चीर, आणि चिरेच्या पलीकडं मी. नवऱ्याच्या जादूच्या पुस्तकात सशाची जादू होती. पण राहुरीत ससा मिळाला असता तर तो जादूपर्यंत टिकला नसता, म्हणून आम्ही एक काळं करडू पाळलं. नवरा ते सगळ्यांसमोर पेटीत ठेवायचा, वरून कापड टाकायचा, आणि तो बोलत असताना मी चिरेतून हात घालून करडू अलगद ओढून घ्यायची. ते एकदाही ओरडलं नाही, कारण माझ्या मुठीत भिजवलेले हरभरे असायचे. पेटी उघडली की लोक तोंडात बोट घालायचे. मी पडद्यामागं मांडीवर करडू घेऊन बसलेली असायची आणि हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात तेवढीच मजा होती. सकाळी भाकऱ्या, दुपारी दळण, संध्याकाळी पुन्हा भाकऱ्या. शेजारच्या बायका देवळाच्या पलीकडं गेल्या नव्हत्या आणि मी त्या पेटीबरोबर एस. टी.च्या खिडकीत बसून नेवासं पाहिलं होतं, संगमनेर पाहिलं होतं. पेटी नवऱ्याची होती, पण तिचा लळा मला जास्त होता.

माझ्या सासऱ्यांना मात्र ती पेटी डोळ्यासमोर नको होती. ते घोडेगावला राहायचे आणि तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. त्यांच्या एका शब्दावर माणसं बैलजोडी सोडून द्यायची, न बघता. अशा माणसाचा मुलगा लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतो, ही गोष्ट त्यांना गावात तोंड दाखवू देत नव्हती. एकदा बाजरीचं पोतं द्यायला ते राहुरीला आले आणि नेमका नवरा अंगणात कानातून चेंडू काढायचा सराव करत होता. मामंजींनी पोतं खाली ठेवलं. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "म्या एक डाव बघतो. न्हाई पटलं तर ही पेटी तुज्या हातानं आडात टाकायची. कबूल?"

नवरा म्हणाला, "कबूल, आबा."

मला कुणी विचारलंच नाही. पुढं घोडेगावच्या तालमीतल्या पोरांनी बाजाराच्या दिवशी खेळ ठेवला, आणि तो एक डाव कुठला ते ठरलं.

तेव्हापासून शेवटच्या वाक्यानं आमच्या घरात उच्छाद मांडला. नवऱ्याचं म्हणणं, जादू आबांना पटो न पटो, शेवट असा झाला पाहिजे की लोक मानानं उठतील आणि आबांची मान ताठ होईल. तो दाढी करताना वाक्यं म्हणायचा, सायकल पुसताना म्हणायचा. मी भाकरी थापत असले की चुलीपुढं उभा राहून हात पसरून म्हणायचा, "रसिकहो, हे जगच एक मायाजाल आहे." मी म्हणायची, असेल, पण जरा बाजूला व्हा, जाळ दिसत नाही.

त्यानं मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी राष्ट्रगीत सुचवलं. राष्ट्रगीताला लोक उभे राहतात हे बरोबर, पण झाल्यावर परत खाली बसतात, हे आम्ही शाळेच्या गॅदरिंगला पाहिलं होतं. मी सुचवलं की सरळ म्हणा, चला, घरी भाकऱ्या गार होतायत. यावर तो जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही. कलावंत माणूस, चटकन दुखावायचा.

मग एका सकाळी तो नाचतच आला. वाक्य सापडलं होतं. "रसिकहो, जे दिसलं ते नव्हतं, आणि जे होतं ते तुम्हाला दिसलं नाही." वाक्य झकास होतं, मलाही आवडलं. पण त्याच्या डोळ्यांपुढं जे येत नव्हतं ते माझ्या आलं. मी म्हटलं, अहो, तुमचे वडील तुम्हाला फसवाफसवी करणारा म्हणतात आणि तुम्ही भर बाजारात त्याचीच कबुली देणार होय? त्याचा चेहरा उतरला. माझी जीभ अशीच, आधी चालते आणि मग मला वाईट वाटतं. शेवटी ऐनवेळी सुचेल ते म्हणायचं असं ठरवून आम्ही पेटी टपावर चढवली आणि करडू मांडीवर घेतलं.

घोडेगावला पोचलो तेव्हा बाजाराचा भर ओसरला होता. विकलेल्या बैलांच्या पाठीवर गुलाल होता, न विकलेले तसेच उन्हात रवंथ करत होते. त्यांचे मालक दावी हातात धरूनच खेळाला बसले. मी डोक्यावर पदर घेऊन पडद्यामागं गेले आणि चिरेला डोळा लावला. मामंजी अगदी पुढं बसले होते. पांढरा फेटा, उपरणं, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

खेळ छान चालला होता. अंडं निघालं, चेंडू निघाला, दोरी कापून जोडली. लोक हसत होते, पण मामंजींचा चेहरा हलला नाही. मग शेवटची करडाची जादू आली. घोडेगावात नवऱ्यानं एक नवीन टूम काढली. करडू पेटीत ठेवून वर कापड टाकल्यावर तो म्हणाला, कुणीतरी या, कापडाखाली हात घाला आणि करडू आत आहे याची खात्री करा. पागोटंवाले एक गृहस्थ उठून आले. त्यांनी कापडाखाली हात घातला. त्यांना जागा दाखवायला नवऱ्यानंही घातला.

आता बाजारातली एक रीत सांगायला हवी. जनावराचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचे हात उपरण्याखाली धरतात आणि बोटं दाबून आकडे सांगतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. दोघंही तोंड भलतीकडं करून उभे असतात, जसा काही त्यांचा संबंधच नाही.

कापडाखाली त्या गृहस्थांच्या हाताला जनावर लागलं आणि दलालाच्या मुलाचा हात लागला. त्यांच्या बोटांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्यांनी भाव दाबला. आणि माझा नवरा, जो चालायला शिकला तोच बाजारात, त्यानं सवयीनं दाबून वाढवून मागितला. मी चिरेतून पाहत होते. एकजण आभाळाकडं बघतोय, दुसरा बैलांकडं, आणि दोघांचे खांदे तेवढे हलतायत. मला वाटलं हीसुद्धा नवीन टूमच असेल. मी आपलं ठरल्याप्रमाणं हरभरे पुढं केले आणि करडू ओढून घेतलं.

"जमलं," ते गृहस्थ मोठ्यानं म्हणाले आणि नवऱ्याच्या हातावर टाळी दिली.

नवरा झोपेतून उठल्यासारखा दचकला. काय झालं ते त्याला कळलं, पण हात सवयीचे गुलाम. त्यानं झटक्यात कापड काढलं आणि पेटी लोकांना दाखवली. आत काही नव्हतं.

"आरं, माझं करडू कुठंय?" ते गृहस्थ म्हणाले.

आधी हशा पिकला. मग जे घडलं ते मागच्यांना कळलं आणि हसणं थांबलं. बाजारात सौदा म्हणजे सौदा. दलालाच्या पोरानं सौदा पक्का करून माल गडप केला, असं एकजण मागं म्हणाला आणि ते पुढपर्यंत ऐकू आलं. नवरा हात पसरून "रसिकहो," असं म्हणाला आणि तिथंच अडकला. मला त्याची इतकी दया आली की करडू घेऊन तशीच बाहेर पळावंसं वाटलं.

मामंजी उठले. पेटीपाशी आले. मुलाला एवढंच विचारलं, "सौदा झाला का?"

तो म्हणाला, "झाला, आबा. चुकून झाला, पण झाला."

"मग जनावर दे."

आता करडू बाहेर यायचं तर मला बाहेर यावं लागणार होतं. मी पदर सावरला, पडदा बाजूला केला आणि करडू काखेत घेऊन भर बाजारापुढं उभी राहिले. सगळी जादू तिथंच उघडी पडली. घोडेगावची सून पडद्यामागून करडं ओढते, हे साऱ्या पंचक्रोशीनं पाहिलं. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं, करडाकडं पाहिलं.

"वरडलं कसं न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी मूठ उघडून हरभरे दाखवले. त्यांनी मान हलवली, करडू माझ्याकडून घेतलं आणि त्या गृहस्थांच्या हाती दिलं. मग लोकांकडं वळून, दर खेपेला बाजार मोडताना म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "चला, जनावरांना पानी दावा."

आणि सगळं मैदान एकदम उठलं. न विकलेल्या बैलांसकट. आम्ही इतके दिवस डोकं खाजवून जे शोधत होतो ते मामंजींनी उभ्या उभ्या करून दाखवलं. दुसरा कुठला प्रसंग असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आम्ही मामंजींच्या घरी आलो. मामंजी ओट्यावर पाय धुऊन बसले. नवऱ्यानं पेटी उचलली आणि तो आडाकडं निघाला. दिलेला शब्द पाळण्यात तोही बापाचाच मुलगा. मला राहवलं नाही. सासऱ्यांपुढं कधी मान वर करून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. म्हणाले, मामंजी, तुम्हाला राग यायचा तर येऊ द्या, पण ती पेटी गेली तर मी पुन्हा चुलीपुढं जाऊन बसेन आणि तिथंच म्हातारी होईन. माणसं चकित होतात ती माझ्या हातानं होतात. मला ते आवडतं.

मामंजींनी पाय पुसले. मग मुलाला हाक मारली. "थांब रं. त्या आडाचं पानी प्यायचं हाय आमाला. पेटी कशापायी टाकतो त्यात?"

नवरा पेटी छातीशी धरून तिथंच थांबला. मामंजी माझ्याकडं वळले. "तुला पडद्यामागं कुनी बशिवलं?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो चाचरत म्हणाला, "मीच, आबा. सून लोकांपुढं उभी राहिली तर तुम्ही काय म्हणाल म्हणून."

"म्या?" मामंजी म्हणाले. "जनावर धरनारं मानूस बाजारात फुडं असतं, पोरी. मागं न्हाई. पुढल्या डावाला फुडं उभी ऱ्हा. आन् करडू म्या निवडून देतो."

मला रडू फुटलं, आणि नवरा पेटी खाली ठेवून खुळ्यासारखा हसत सुटला. राहुरीला परत गेल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल तर तो पडदा फाडून त्याचे उशांचे अभ्रे शिवले. करडाच्या जादूसाठी मग आम्हाला दुसरी युक्ती काढावी लागली, ती मी इथं सांगणार नाही.