लॅपटॉपचा परवाना आणि आमचे व्याही

माझ्या व्याह्यांना नुसतं 'हो' म्हणून चालत नाही. असा माणूस सगळ्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि नाही तेच बरं आहे. ते पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या केबिनमध्ये नोकरीला होते. तिथे गाडी सोडायच्या आधी या स्टेशनाने त्या स्टेशनाला फोनवर एक नंबर सांगायचा, त्या स्टेशनाने तोच नंबर परत म्हणून दाखवायचा, दोघांनी लिहून घ्यायचा आणि मगच गाडी सुटायची. नोकरी संपून किती वर्षं झाली, पण ही खोड काही गेली नाही. मी चहा दिला की विचारतात, "बिनसाखरेचा हाय?" मी म्हणते, हो. "हो न्हाई, काय हाय ते सांगा." मग मी म्हणायचं, बिनसाखरेचा चहा आहे, तेव्हा कप उचलणार. पालमच्या बसमध्ये चढताना कंडक्टरकडून 'पालम' हे नाव वदवून घेतल्याशिवाय पायरीवरून हलत नाहीत. मागची माणसं शिव्या देतात, हे खुशाल उभे. आमच्या शेजारचे म्हातारे वारले तेव्हा भेटायला आले आणि रडणाऱ्या सुनेला विचारलं, कितीला गेले? ती म्हणाली, चार दहाला. "चार दहा?" रडणं थांबवून तिला परत सांगावं लागलं, "हो काका, चार दहा." माझ्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी आमच्या मालकांकडून तिथी तीनदा म्हणवून घेतली, तेव्हा मालक चिडून म्हणाले होते, "इवाई, तुमी सोयरीक करायलाव का गाडी सोडायलाव?" तेव्हा व्याही शांतपणे म्हणाले, "दोन्हीत माणसंच असतेत."

आमची दोघांची नात कॉलेजसाठी माझ्याकडे झरीला राहायची. तिचे आई-बाप नोकरीपायी सोलापूरला. दर शनिवारी व्याही पूर्णेहून यायचे, म्हणे नातीचा अभ्यास बघायला. अभ्यास इंग्रजीत, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते येऊन बसायचे, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात तिची पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत ठरली. सोमवारी अकरा वाजता, दीड तास, घरी बसून लॅपटॉपवर. मोबाइल चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. लॅपटॉप परभणीहून जुना घेतलेला. आधीच्या पावसाळ्यात तो बिघडला तेव्हा दुकानदाराने आतली डिस्क बदलून त्यात कुठलं तरी उचललेलं विंडोज भरून दिलं. मुलाखतीच्या आधीच्या शुक्रवारी त्याचा पडदा काळा झाला, कोपऱ्यात अक्षरं आली की ही प्रत परवान्याची नाही, आणि तेव्हापासून तो दर तासाने आपोआप बंद पडू लागला. दीड तासाची मुलाखत आणि तासाला बंद पडणारं यंत्र. नातीचं तोंड एवढंसं झालं.

तिची एक मैत्रीण म्हणाली, "क्रॅक टाकू, दहा मिनिटांत होतं." म्हणजे चोरकिल्ली. मी म्हटलं टाका, आपल्याला सोमवार काढायचाय. पण शनिवार असल्यामुळे व्याही येऊन बसलेले.

"न्हाई टाकायचं," ते म्हणाले.

"आबा, सगळेच टाकतेत."

"नोकरी मागायला चाललीस आन् चोरीच्या मशीनवर बसून? त्यांनी इचारलं तर?"

"असं कुणी विचारत न्हाई, आबा."

"न्हाई इचारलं म्हणून काय झालं? तुला तर ठावं असंल ना?"

मी म्हटलं, "इवाई, पोरीचं वाटोळं करू नका." ते ऐकणाऱ्यातले नव्हते. त्यांनी लॅपटॉप उलटा केला. खाली एक चिकटपट्टी होती, तिच्यावर खऱ्या परवान्याचा नंबर, पंचवीस अक्षरं. म्हणजे परवाना होताच, दुकानदाराने तो वापरला नव्हता. नात आनंदाने ओरडली आणि पट्टीवर वाकली. पट्टी लाल-पिवळी होऊन पुसट झाली होती.

"हे कुणी केलं?" व्याह्यांनी विचारलं.

मीच केलं होतं. दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा होते, तेव्हा विळी, कुदळ, शिलाई मशीन यांच्याबरोबर लॅपटॉपचीही केली. झाकणावर डाग दिसला असता म्हणून हळदकुंकू खालच्या बाजूला लावलं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने घासून पुसलं. तीन दसरे. नातीने डोक्याला हात लावला. मी व्याह्यांना विचारलं, "ते अवजार हाय का न्हाई?" ते म्हणाले, "हाय." "मग पूजा नको?" त्यांनी भिंग मागितलं.

चार अक्षरं लागत नव्हती. व्याह्यांनी भिंग लावून, उन्हात धरून, तिरकं करून बघितलं. प्रत्येक जागी दोन-दोन शक्यता निघाल्या. त्यांनी वहीत रेघा मारून सगळ्या मिळून सोळा ओळी लिहिल्या. रविवारी ते एक-एक अक्षर सांगायचे, नात ते परत म्हणायची आणि मगच कळ दाबायची. मधेच तास भरला की लॅपटॉप बंद, की चहा, की पुन्हा सुरुवात. बाराव्या ओळीला नंबर लागला. पण लगेच पाटी आली, की हा परवाना आधी दुसऱ्या डिस्कवर चढलेला आहे, फोन करून खात्री करून घ्या. तोवर संध्याकाळ झाली होती. फोन लावला तर कळलं, उद्या सकाळी करा.

सोमवारी सकाळी नऊला व्याही खुर्ची ओढून तयार. पडद्यावर आकड्यांचे नऊ गट आले होते, ते फोनवरच्या बाईला सांगायचे, मग ती आपल्याला उलट आकडे देणार. ती बाई म्हणजे भरून ठेवलेला आवाज, हे नातीने दोनदा समजावलं. व्याह्यांनी पहिला गट सांगितला. बाई म्हणाली, पुढचा गट सांगा.

"आदी मी काय सांगितलं ते म्हणा," व्याही म्हणाले.

बाई म्हणाली, समजलं नाही.

"समजलं न्हाई तर म्होरं कशाला जायलाव?"

फोन कटला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बाईला नाव आणि ड्युटीची वेळ विचारली. दहा वाजले. नात कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायला लागली. माझं डोकं फिरलं. त्यांच्या हातातून फोन घेऊन नातीकडे दिला तर हे खुर्ची सोडेनात, म्हणे एक आकडा चुकला तर सगळं चुकलं. मी म्हटलं, "इवाई, ती बाई परत म्हणणार न्हाई. मी म्हणते. तुमी मला सांगा, मी म्हणते, पोरगी दाबंल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला जमंल, इहीणबाई?"

"आकडे मला चौथीपर्यंत शिकवलेत. तिथून पुढं आकडे बदलले का?"

मग ते वाचायचे, मी म्हणायचे, नात फोनच्या कळा दाबायची. नऊच्या नऊ गट. एकही चुकला नाही. मग बाईने आपले आकडे सांगितले, ते त्यांनी वहीत उतरवले आणि आम्ही तसंच म्हणत ते लॅपटॉपमध्ये भरले. दहा चाळीसला पडद्यावरची काळी छाया गेली.

मुलाखतीच्या वेळी नातीने आम्हा दोघांना बाहेर ओट्यावर बसवलं. व्याह्यांनी दोन भाजीवाल्यांना आणि एका देवीच्या वर्गणीवाल्याला हाताने गप्प केलं. बाराला घड्याळ बघून ते म्हणाले, "तास भरला." आत तिचा आवाज चालूच राहिला. साडेबाराला ती बाहेर आली, घामाघूम. त्या महिन्यातच तिला पत्र आलं. ती पुण्याला गेली, लॅपटॉप घेऊन.

व्याही आता शनिवारी येत नाहीत. येऊन कुणाचा अभ्यास बघणार? शनिवारी सकाळी फोन येतो. "लॅपटॉप कसा हाय?" मी म्हणते, मला काय ठावं, तो पुण्याला हाय. "बंद पडत न्हाई ना?" मी म्हणते, न्हाई पडत म्हणाली. परवा जरा थांबून म्हणाले, "चोरीचाच ऱ्हाऊ दिला असता, तर दुरुस्तीला तरी घेऊन आली असती."

मी म्हटलं, "चांगला नीट केलाव, आता बसा."

ते हसले. त्यांनी फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. पलीकडे त्यांच्या घरातला पंखा खडखड करत फिरत होता, तो बराच वेळ ऐकू येत राहिला.