विंचूडॉक्टरांचा उल्लेख

"भोंग्याआधी का भोंग्यानंतर? एवढं सांग, मग पाहिजे तेवढं बोंबल!"

अकोल्याच्या आमच्या दवाखान्यात, तातडीच्या खोलीत, टेबलावर एक शेतकरी उताणा पडला होता. पायाला विंचू चावलेला. डॉक्टरांनी नुकतीच सुई टोचली होती, आणि ती बाजूला ठेवायच्या आत वही उघडून ते ओरडत होते.

"डॉक्टरसाहेब, मी मरून राहिलो अन् तुमी भोंगा काहून पुसून राहिले?"

"तू काही मरत नाहीस. भोंगा सांग."

"नंतर चावला. पन विंचू आधीपासूनच बसून असंन."

मी त्या खोलीतला कंपाउंडर. डॉक्टर मूळ अमरावतीचे. आवाज असा, की आमच्याकडे ते ओरडले की बडनेऱ्याला उभ्या गाडीचा गार्ड शिट्टी समजून हिरवा झेंडा दाखवी. गाव त्यांना विंचूडॉक्टर म्हणे. विंचू चावल्यापासून माणूस दवाखान्याच्या दारात येईपर्यंत वेळ कुठे जातो, हा त्यांचा अभ्यास. खेड्यात घड्याळं नव्हती, पण जिनिंग फॅक्टरीचा भोंगा शेतापर्यंत ऐकू जाई. डॉक्टरांचं सगळं शास्त्र त्या भोंग्यावर उभं होतं.

तीन वर्षांत वह्यांची एवढी चळत झाली की खिडकी लागेना. निष्कर्ष मात्र एका ओळीचा निघाला. वेळ रस्त्यात जात नाही, विंचू उतरवणाऱ्या भगताच्या अंगणात जातो. मंत्र पुरा झाल्याशिवाय भगत कोणाला उठू देत नाही. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. "आता मुंबई आपलीच," म्हणत डॉक्टरांनी इंग्रजीत लेख लिहून तिथल्या एका वैद्यकीय त्रैमासिकाला धाडला, आणि तो छापूनही आला.

तिथून डॉक्टरांचं खरं दुखणं सुरू झालं. दुसऱ्या विद्वानानं त्याच्या लेखात आपल्या लेखाचा उल्लेख केला पाहिजे, निदान एकदा. ते म्हणत, "छापलेला लेख म्हणजे लग्न करून दिलेली पोरगी. सासरी कोणी तिचं नाव घेते का नाही, इकडे जीव टांगलेला." लेखाच्या प्रती त्यांनी जगाला वाटल्या. अचलपूरच्या एस.टी.त कंडक्टरला तिकिटाच्या बदल्यात प्रत देऊ केली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक प्रत तर त्यांनी ज्या भगताचं अंगण लेखात आलं होतं, त्याच्याच हातात आपटली. "घे. तुझ्यापायी लोक उशिरा येतात, असं छापलंय." भगतानं प्रत कपाळाला लावली आणि अंगातल्या बंडीच्या खिशात घातली.

दर तिमाहीला नवा अंक आला की डॉक्टर तो शेवटून उघडत. तिथे संदर्भांची यादी असे. यादीवरून बोट फिरवत खाली येत, मग वर जात, मग चष्मा पुसून पुन्हा खाली. सोलापूरच्या डॉक्टरनं कोकणच्या डॉक्टरचा उल्लेख केलेला, कोकणच्यानं सोलापूरच्याचा. "साडू असतील लेकाचे," म्हणून अंक माझ्याकडे फेकत.

दोन पावसाळे गेले, आणि भलतंच झालं. पेशंट वेळेवर येऊ लागले. भोंग्याचा आवाज हवेत विरायच्या आत बैलगाडी दारात. दुसऱ्या लेखाची वही एकाच शब्दानं भरली: लगेच, लगेच, लगेच. "अरे, थोडा तरी उशीर करा," असं डॉक्टर एका पेशंटला म्हणाले. शपथेवर सांगतो. तरी त्यांनी लेख पाठवला. संपादकांनी तो परत धाडला. इतकी तत्परता त्यांना विश्वासार्ह वाटेना.

डॉक्टर चवताळले. बोटाला विंचू चावलेली एक बाई आली होती, तिलाच त्यांनी धरलं. "भगताकडे गेली नाहीस का?"

"गेली ना बाप्पा. त्यानंच गाडी जुंपून देल्ली. म्हने, तू चाल, मंतर मी मांगून म्हनत येतो. नाक्यापावतर पयत आला बिचारा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सायकलींवर भगताच्या गावी. तो अंगणात तूर पाखडत होता. त्यानं सूप खाली ठेवलं, आम्हाला बाज ओढून दिली.

"मास्तरकून वाचून घेतला तुमचा कागद," तो म्हणाला. "मले पटलं. चार गावच्या भगताईले बी सांगतलं, आता मंतर चालत्या गाडीतच."

डॉक्टर बाजेवर बसले. दोन वर्षं मुंबईच्या अंकात जे शोधत होते, ते इथे तुरीच्या भुसात उभं होतं. त्यांचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"महाराज, लोकांना हे सांगता, तेव्हा माझं नाव घेता ना?"

"नाई," भगत म्हणाला. "डॉक्टर म्हटलं का लोकाले सुई आठवते, मंग गाडीत बसत नाईत. देवानं सांगतलं म्हनतो."