चष्म्यातली बाई

माझ्या थोरल्या जावेला मी ताई म्हणते, वस्तीत सगळे ठसका म्हणतात. शिवणकारखान्यात ती कॉलर बसवते, सुट्टीत हौशी नाटकात काम करते, आणि मुकादमापासून सासऱ्यांपर्यंत कुणाचीही भीड ठेवत नाही. आम्ही बाहेरून येऊन या शहरात स्थिरावलेली माणसं; बोली वेगळी, पेहराव वेगळा.

मोठ्या हॉस्पिटलाने ठरवलं, डॉक्टर-नर्सना वेगळ्या समाजातल्या पेशंटशी वागायला शिकवायचं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की समोर खोली, खाट आणि खाटेवर पेशंट. सगळं खोटं, पण हुबेहूब. त्या पेशंटसाठी त्यांना आमच्यातली नटी हवी होती, म्हणून ताईला बोलावलं. चेहऱ्यावर ठिपके लावून तिचे हावभाव टिपले.

"डॉक्टरांनी विचारलं की नवऱ्याकडे बघा," दिग्दर्शक म्हणाला.

"का? पोट माझं दुखतंय ना?"

"तुमच्या बायका तसंच करतात. अभ्यास झालाय त्यावर."

शब्द दिला होता, म्हणून ताईने काम पुरं केलं. मान खाली, तोंडातून चकार शब्द नाही. घरी येऊन मात्र तिने भांडी अशी आपटली की शेजारीण डोकावून गेली.

पुढच्या वर्षी तिचं पोट खरंच दुखायला लागलं. थोरले दीर आणि मी तिला त्याच हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरीण आली, गोड हसली आणि थेट दिरांसमोर उभी राहिली.

"यांना कधीपासून त्रास होतोय?"

दीर आधीच मुखदुर्बळ. "तिलाच विचारा की."

"तपासायला तुमची परवानगी आहे ना?"

"अहो, मी इथे आहे!" ताई ओरडली.

"घाबरू नका, तुमच्या पद्धतीचा आम्ही मान राखतो," डॉक्टरीण म्हणाली. तेही दिरांकडे बघत.

ताई पोट धरून उठून बसली. "कसली डोंबलाची पद्धत! कळ मला येतेय, उजवीकडे, खाली. ताप आहे, उलट्या होतायत. माझ्याकडे बघा आणि लिहून घ्या!"

डॉक्टरीण बघतच राहिली. "तुम्ही... त्या चष्म्यातल्या?"

"हो, तीच. आणि ती बाई खोटी आहे!"

अपेंडिक्स होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरीण खाटेशी येऊन खालमानेने म्हणाली, "माफ करा. त्या चष्म्यावरच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले होते."

"म्हणजे तुमची चूक नाही, पेपरच सडका आहे," ताई म्हणाली. तिचा राग आणखीच भडकला.

टाके निघाल्यावर तिने प्रशिक्षणाच्या मॅडमना गाठलं. "माझा चेहरा काढून टाका."

"तुम्ही करारावर सही केलीय. आणि खरं सांगा, तुमच्यात अशा बायका नसतातच का?"

"असतात ना! तुमच्यात नसतात?"

डॉक्टरणीनेही लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे हॉस्पिटल हललं. आता नवी तुकडी आली की चष्मा उतरवल्यावर समोर ताई बसते. कधी धडाधड बोलते, कधी मुद्दाम घुम्यासारखी बसते, आणि कुणी शेजारी बसवलेल्या दिरांचं मत विचारलंच तर त्याला धारेवर धरते.

चष्म्यातली बाई मात्र ती बनवणाऱ्या कंपनीने गावोगावच्या हॉस्पिटलांना विकलीय. कुठे कुठे ताईचाच चेहरा लावून ती मुकी बसली असेल, कोण जाणे. त्याची आठवण निघाली की ताई शिव्या घालते. सासरे म्हणतात, "सूनबाई, हळू." मी तिला आवरत नाही.