रिकामी बाज

नागपूरच्या धंतोलीतली ती गल्ली बर्डीच्या बाजाराच्या इतकी जवळ होती की संध्याकाळी भाजी संपल्याचं लक्षात आलं तर कढईखालचा जाळ कमी करून तिथे जाऊन येता यायचं. तरीही मेन रोड सोडून आत वळलं की एकदम शांत. वकील-डॉक्टरांचे बंगले, फाटकांवर मधुमालती, दुपारी झोपलेली कुत्री. या बंगल्यांच्या रांगेत मध्येच एक कवेलूचं, म्हणजे कौलारू, बुटकं घर होतं. पुढे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि बाजूला भाड्यानं द्यायची एक खोली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं त्या खोलीत गेली. हे मी विचार करून लिहिते आहे.

ती मिळायच्या आधी मी बऱ्याच खोल्या पाहिल्या होत्या. म्हणजे मी खोल्या पाहिल्या आणि घरमालकांनी मला पाहिलं. मी उमरेडची. वडील हातमागावर साड्या विणायचे. छप्पन साली नागपुरात येऊन त्यांनी दीक्षा घेतली, आणि नर्सिंग पास होऊन मी नागपूरला निघाले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट शिकवून पाठवली: विचारायच्या आधी सांगून टाकायचं. मी तसंच करायची. फाटकाशी उभी राहून, पाणीसुद्धा न मागता, आधी ते सांगायची. मग समोरचा माणूस कपाळावर हात मारून म्हणायचा, अरे, खोली तर कालच देऊन टाकली. महिन्याभरानं त्याच रस्त्यानं गेलं तरी ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी तिथेच लटकत असायची. काही खोल्या कायमच काल दिलेल्या असतात.

नोकरी मिळाली होती धंतोलीतल्या एका खासगी सूतिकागृहात. जुन्या सिस्टर दिवसपाळी सोडायला तयार नव्हत्या, त्यामुळे रात्रपाळी माझ्या गळ्यात. राहायची सोय तुमची तुम्ही करा, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रात्री-अपरात्री पायी जाता-येता येईल अशी जागा मिळाली तर नोकरी राहणार, नाहीतर उमरेडची एसटी पकडायची. उमरेडला वडिलांचा माग अर्धा वेळ बंद असायचा आणि धाकट्या बहिणीची मॅट्रिक व्हायची होती.

कवेलूच्या घराशी गेले तेव्हा घरमालकीण अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. साठीच्या आसपासची, बारीक, कपाळ मोकळं. मी एका दमात सांगितलं, “मी बौद्ध हाय. मटण खाते. ड्युटी रातची राहते, सकाळी येते.” आणि परत फिरायच्या बेतानं उभी राहिले.

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. “नळ सकाळी सहाले येते अन् सातले जाते,” ती म्हणाली. “तेवढ्यात येऊन पाणी भरणं जमन का तुले?”

जमेल म्हटलं. झालं एवढंच.

घरमालकीण, म्हणजे काकू, साधी बाई होती, देवी नव्हती. पहिलं वर्षभर तिनं माझ्या खोलीत पाण्याचा घोट घेतला नाही. भर वैशाखात, पदरानं वारा घेत माझ्या दाराशी बसून म्हणायची, “तहान नाही वं.” मला कळायचं. राग यायचा, आणि राग आला की मी मुद्दाम पुन्हा विचारायची. पुढे ती कधीतरी प्यायला लागली. नेमकी कधी ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरं वाटतं.

काकू विधवा. नवरा मालगाडीवर गार्ड होता, रिटायर व्हायच्या आधीच गेला. मूलबाळ नाही. नवऱ्याचं गाव खापा. तिथली सामाईक शेती तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बघायचे. दर उन्हाळ्यात ते ओळखीच्या ट्रकवर पोती टाकून यायचे: गहू, ज्वारी, तुरीची डाळ. भावाचा वाटा. तेवढ्यावर काकूचं वर्ष निघायचं. पेन्शन होती, पण ती कवेलू फेरण्यात आणि दवाखान्यातच जायची.

मी राहायला आले हिवाळ्यात. दारं लवकर लागायची, त्यामुळे मी रात्री जाते कधी आणि येते कधी, याची गल्लीला फारशी कल्पना नव्हती. उन्हाळा लागला तशी सगळी गल्ली बाहेर आली. आता पंखे-कूलरच्या जमान्यात सांगून पटत नाही, पण नागपुरात तेव्हा उन्हाळाभर घरात कोणी झोपत नसे. काही बंगलेवाले गच्चीवर, बाकी सगळे अंगणात. ऊन उतरलं की अंगणात पाणी मारायचं आणि बाजा बाहेर काढायच्या. कोणाची बाज कुठे, कोण कोणाच्या बाजूला, कोण आज आलं नाही, सगळं कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवरून दिसायचं.

मला काकूनं घरातलीच एक जुनी सुतळीची बाज दिली होती. संध्याकाळी ती माझी बाजही बाहेर काढायची. गादी, उशी, चादर नीट खोचलेली, खाली पाण्यानं भरलेला तांब्या आणि त्यावर फुलपात्र. मी सुटीच्या रात्री त्या बाजेवर झोपायची. पण बाकीच्या रात्री मी दवाखान्यात आणि बाज अंगणात रिकामी. सकाळी यावं तर चादरीवर धूळ आणि कडुनिंबाचा पाला. रात्रभर बाळंतिणींच्या चादरी बदलून आल्यावर स्वतःची चादर झटकायची माझी तयारी नसायची.

“काकू, मी रातची राहत नाही,” मी चिडून सांगितलं. “काहून टाकता माही बाज?”

“असू दे,” ती म्हणाली, आणि संध्याकाळी पुन्हा टाकली. म्हाताऱ्या माणसांना काही सांगण्यात अर्थ नसतो, असं म्हणून मी नाद सोडला.

मे महिन्यात भासरे आले. आडदांड गृहस्थ, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं कमी. पोती कोठीत गेली. काकूच्या डोक्यावरचा पदर नाकापर्यंत आला. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई तोंड उघडत नाही. काही सांगायचं असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, त्यानं ते पुढे पोचवायचं, मग भले तिघंही एकाच अंगणात असोत. त्या घरात तिसरं माणूस मीच होते. त्यामुळे ते आल्यापासून “त्याइले इचार, भाकर का पोळी” आणि “तिले सांग, काही बी चालन” असे निरोप मी दोन हातांवरच्या माणसांत पोचवायची. मला मजा वाटायची. दोघंही माझं बोलून होईपर्यंत काहीच ऐकू न आल्यासारखे बसायचे.

ते आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी दिवेलागणीला मी पांढरी साडी नेसून, डबा घेऊन निघाले होते. काकू माझ्या बाजेवर चादर खोचत होती. भासरे कडुनिंबाखाली त्यांच्या बाजेवर बसले होते. त्यांनी मला हाक मारली.

“बाई, तिले इचार, हे बाज कोणासाठी टाकून राहिली?”

काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “सांग वं, तुह्यासाठी.”

“काकाजी, माह्यासाठी म्हणतात,” मी म्हटलं.

“तिले म्हण, जे बाई रातभर घरात राहत नाही, तिची बाज अंगणात मांडून लोकाइले काय दाखवून राहिली? सारी गल्ली पाहून राहिली.”

मला तेव्हा कुठे समजलं की आज निरोप माझ्याबद्दलच आहेत. मान वर करून ते वाक्य मी जसंच्या तसं काकूला सांगितलं. पलीकडे वकिलांकडे बाजा सरकवल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“सांग,” काकू म्हणाली, “बाई कामावर गेली हाय, हेच दाखवून राहिली.”

मी सांगितलं. भासरे म्हणाले, “तिले सांग, मिरगाच्या आत खोली खाली झाली पाहिजे.”

स्वतःला घराबाहेर काढण्याचा निरोप स्वतःच्याच तोंडानं सांगण्याची पाळी फार लोकांवर येत नसेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर उमरेडचा बंद माग दिसत होता. पण आवाज नीट राहिला. “काकू,” मी म्हटलं, “मिरगाच्या आत मले खोली सोडा लागते म्हणतात.”

काकूचं उत्तर यायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. “अन् हेही इचार, खोली देताना जात इचारली होती का?”

हे वाक्य माझ्याच्यानं पोचवलं गेलं नाही. काकू वाट बघत होती, भासरे वाट बघत होते. पलीकडच्या अंगणातही कोणी हलत नव्हतं. मी डबा हातात घेऊन त्यांच्या मधोमध उभी.

मग काकू वळली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तोंड सरळ भासऱ्यांकडे. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी बोलली असेल तर ती तेव्हाच.

“इचारली नाही,” ती म्हणाली. “तिनं न इचारता सांगतली. तुमचे भाऊ मालगाडीवर होते. अर्ध्या राती घरात नसत. उन्हाळाभर त्याइची बाज मी याच अंगणात टाकत होती, तांब्या भरून ठेवत होती. सकाळी थकून येते माणूस, त्याले दिसलं पाहिजे का घरानं आपली जागा ठेवली हाय. तवा तुमी नाही इचारलं, रिकामी बाज काहून टाकतेस म्हणून. आता काहून इचारता? अन् हे बाज बी त्याइचीच हाय.”

एवढं बोलून तिनं खाली वाकून चादरीचं राहिलेलं टोक खोचलं. काकू मला म्हणाली, “जाय वं, तुले उशीर होऊन राहिला.”

मी गेले. रस्ताभर रडत गेले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. इतके दिवस मी गार्डसाहेबांच्या बाजेवर झोपत होते आणि वर धुळीची तक्रार करत होते. त्या रात्री दवाखान्यात एक अडलेली बाई होती, पहाटे मोकळी झाली. सकाळी परत आले तेव्हा भासरे पहिल्या गाडीनं खाप्याला निघून गेले होते. माझ्या बाजेवर चादर होती, खाली तांब्या होता. मी हातपाय धुतले, तांब्यातलं सगळं पाणी प्यायले आणि तिथेच, ऊन अंगावर येईपर्यंत झोपले.

मृग आला. खोलीबद्दल कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, मिटलं सगळं. आपण जिंकलो, असंही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात काकूनं मला इतवारीच्या धान्यबाजारात सोबत नेलं. ती दुकानादुकानात गव्हाचे दाणे दाताखाली फोडून बघत होती, भाव ऐकून पुढे सरकत होती. शेवटी हलक्यातला गहू थोडासा घेतला. मी विचारलं, “खाप्याहून येणार नाही का?” ती म्हणाली, “औंदा पिकलं नाही.” मी विणकराची पोर, शेतीतलं मला काय कळणार? मी विश्वास ठेवला. त्याच सुमारास ती बंगल्यांतल्या लोकांना कुरड्या आणि सरगुंडे करून द्यायला लागली होती. दुपारी मी झोपून उठले की ती ओसरीवर बसून सरगुंड्यांसाठी कणकेची बारीक वात काडीवर गुंडाळताना दिसायची. म्हातारीला उद्योग हवा असतो, असं मी धरून चालले.

खरं सांगितलं ते पलीकडच्या वकीलीणबाईंनी, भिंतीवरून कढीलिंब देता देता. “पिकलं कसं नाही? भरपूर पिकलं. भासऱ्यांनी हिचा वाटा बंद केला. बाई खोलीत आहे तोवर दाणा मिळणार नाही, असा निरोप धाडला म्हणे, गेल्याच वर्षी. तुम्हाला ठाऊक नाही?”

मी कढीलिंब भिंतीवरच टाकून घरी आले. काकू ओसरीवर होती, समोर परातीत भिजवलेली कणीक.

“काकू, मले सांगतलं काहून नाही?” माझा आवाज चढला होता. “वर्ष झालं. मी रोज इथंच हाय.”

काय सांगितलं नाही, हे तिनं विचारलं नाही. भिंतीपलीकडचं तिलाही ऐकू आलं असणार. हातातली वात काडीवर पूर्ण गुंडाळून झाल्यावर तिनं ती अलगद काढून ताटात ठेवली.

“सांगतलं असतं तं तू खोली सोडून गेली असतीस.”

“गेलीच असती.”

“मंग?” काकू म्हणाली. “मी बाज कोणाची टाकली असती?”