जन्म तुडीलचा

लाँचच्या कठड्यावरून तिची बोटं मीच सोडवली, एकेक करून. आत तिचा नवरा बेडीत बसला होता. ती रडली नाही. "लवकर या," एवढंच म्हणाली. लाँच सुटली. दासगावच्या बंदरावरची ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही.

माझे यजमान महाडच्या ठाण्यात हवालदार होते. ते वारल्यावर बायकांची झडती, पहारा अशा कामांना ठाण्यात मला बोलावीत.

लाँचमधला हा माणूस उमरठचा. जंगलातल्या लाकूडबंदीविरुद्ध सभा घेई. भावकीतल्या एकाने खबर दिली, की हा गोव्यात वाढला, तिथल्या फिरंग्यांची, पोर्तुगिजांची रयत आहे. फौजदारांनी जबाब घेतला तेव्हा मी ओसरीवर होते.

"जन्म कुठला?"

"गोव्याचा. बाप तिथं चाकरीला होता."

एवढ्यावर सरकारचा हुकूम आला: परका इसम, मुलखाबाहेर घालवावा. मुंबईहून त्याला आगबोटीने गोव्याला धाडायचं होतं.

बंदरावरून मी तिला आणि तिच्या सासूला माझ्या खोलीवर आणलं. पोरीला सातवा लागला होता.

सासू म्हणाली, "आता माहेरी जा गो. पहिलटकरीण हायस."

"मी नाय जायची. ते आले नि मी दिसले नाय तर?"

"मग काय बंदरावर बाळंत होशील? आमच्यात पहिलं माहेरीच. मी नाय गोव्यावरनं गलबतात बसून तुडीलला आले?"

मी भाकरी थापत होते. हात थांबला. "म्हणजे मुलगा गोव्यात नाही, इथं आपल्या महाडच्या मुलखात, तुडीलला झाला?"

"मग कुठं?"

"अहो बाई, ठाण्यात का नाही सांगितलंत?"

"मला कुणी इचारलं? त्यानं बापाचं घर सांगितलं. आईच्या माहेराला आपलं गाव कोण म्हणतं?"

मी तशीच फौजदारांकडे गेले. ते म्हणाले, "सरकारचा हुकूम आहे. ठाण्याच्या हातात नाही. हायकोर्टच मोडील."

महाडच्या वकिलाने मुंबईला अर्ज केला. सासू तुडीलला गेली, तिने सुईणीला शपथेवर उभं केलं आणि मुलगा आल्यावरच परत यायचं म्हणून भावाकडेच थांबली. निकालापर्यंत त्याला आगबोटीत चढवू नका, असं कोर्टाने बजावलं.

सून माझ्याकडेच राहिली. पाऊस लागला, लाँच बंद झाल्या, तरी ती दारात कान देऊन बसे.

"अगो, आता गणपतीपर्यंत लाँचचा भोंगा नाही व्हायचा."

"ठाऊक हाय," म्हणे आणि बसून राही. शेवटी माझ्याच खोलीत बाळंत झाली.

पावसाळा सरताना निकाल लागला. न्यायाधीशांनी सरकारला विचारलं, हा परका कशावरून? सरकारकडे त्याच्याच जबाबाशिवाय काही नव्हतं. कोर्ट म्हणालं, आपण कुठे जन्मलो हे कुणी स्वतः पाहिलेलं नसतं; सुईणीने ते पाहिलं होतं. हुकूम रद्द झाला.

मी त्यातून एवढंच शिकले, की माणसाचा जन्म विचारायचा तर त्याच्या आईला विचारावा.

पहिल्या लाँचने तो उतरला. बायको जगली होती, मुलगी जगली होती. त्याची आई मात्र त्या पावसात तुडीलला तापाने गेली होती.